यशवंतरावांची मोजपट्टी आणि घनसावंगीचे अंतर

यशवंतराव चव्हाण यांचे २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत निधन झाले, त्याला आता चार दशके उलटून गेली आहेत. त्यांच्या जयंतीला अथवा पुण्यतिथीला जी भाषणे होतात, त्यांत त्यांनी भूषविलेल्या पदांची यादी ठरलेली असते. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि अल्पकाळ उपपंतप्रधान. या यादीच्या अखेरीस आणखी एक पद यावयास हवे. पण ते बहुधा येत नाही. ते पद म्हणजे आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद. त्यात सत्तेचा झगमगाट नव्हता, मिरवणुका नव्हत्या, हारतुरे नव्हते. आकड्यांच्या तक्त्यांत मान घालून बसण्याचे ते काम होते. तरीही यशवंतरावांच्या राजकारणामागे जो विचार होता, तो या रूक्ष कामात जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. जालना जिल्ह्यातील घनसावंगीसारख्या तालुक्याच्या दृष्टीने तर त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील हाच भाग सर्वांत जवळचा म्हणावा लागेल. असे का म्हणावयाचे, हे पाहण्यासाठी ती कारकीर्द आरंभापासून तपासली पाहिजे.

घडण आणि राज्याची उभारणी

देवराष्ट्रे या तत्कालीन सातारा जिल्ह्यातील गावी १२ मार्च १९१३ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि आई विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढविले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते स्वातंत्र्यचळवळीत ओढले गेले आणि कारावासही त्यांनी भोगला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून पदवी आणि पुण्यातून कायद्याची पदवी घेऊन ते १९४२ च्या लढ्यात उतरले. तुरुंगात त्यांनी वाचलेला समाजवाद पुस्तकी होता. गावात पाहिलेली विषमता मात्र अनुभवाची होती. या दोहोंच्या मेळातून त्यांची वृत्ती घडली. ती क्रांतिकारकाची नव्हती, सुधारकाची होती. जे आहे ते एका झटक्यात मोडण्यापेक्षा कायद्याने, संस्थांनी आणि समजावणीने वळवावे, असा त्यांचा कल होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. म्हणजे यशवंतरावांचे मुख्यमंत्रिपद आणि मराठवाड्याचा मराठी मुलखाशी झालेला राजकीय संयोग यांची जन्मतिथी एकच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने पश्चिम महाराष्ट्र पेटलेला असताना १९५७ च्या निवडणुकीनंतर त्यांचे मंत्रिमंडळ तरले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या पाठबळावर, हेही विसरता येत नाही.

त्यानंतरच्या सहा वर्षांत जे झाले ते आजही महाराष्ट्राच्या सांगाड्यात दिसते. १९५८ च्या कायद्याने महार वतने रद्द झाली आणि गावकीच्या गुलामीचा एक कायदेशीर दोर तुटला. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांच्या सवलती राज्याच्या पातळीवर चालू ठेवण्याचा निर्णय झाला. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी माफ झाली आणि जातीबरोबर उत्पन्नाचाही निकष शिक्षणात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९६१ मध्ये जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा संमत झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. त्याच वर्षी औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. सहकारी साखर कारखान्यांच्या वाढीला शासनाचे भागभांडवल आणि आश्रय मिळाला तो याच काळात.

या सुधारणांच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. १९६१ च्या कायद्याने बारमाही पाण्याच्या जमिनीस १८ एकरांची मर्यादा घातली, परंतु कोरडवाहू जमिनीची मर्यादा जिल्ह्यागणिक ६६ ते १२६ एकर ठेवली. जेथे जवळजवळ सारीच जमीन कोरडवाहू होती, तेथे अतिरिक्त म्हणून भूमिहीनांच्या हाती पडावयाचे ते फारसे पडले नाही. १९७५ मध्ये ही मर्यादा ५४ एकरांवर आणावी लागली, यातच पहिल्या कायद्याचे अपुरेपण मान्य केल्यासारखे झाले.

दिल्ली आणि परराष्ट्रव्यवहार

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणाने देश हादरलेला असताना नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्रिपदासाठी बोलावले. खचलेल्या सैन्याची फेरउभारणी हे त्यांचे पहिले काम होते. १९६५ च्या युद्धात त्या कामाची परीक्षा झाली आणि जानेवारी १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री ताश्कंदला गेले तेव्हा त्यांच्या शिष्टमंडळात यशवंतराव होते. युद्धाचा मंत्री तहाच्या मेजाशीही बसला. गृहमंत्री म्हणून त्यांनी संस्थानिकांचे तनखे व विशेषाधिकार रद्द करण्याची बाजू लावून धरली. ते काम १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने पुरे झाले. १९७० ते १९७४ या अर्थमंत्रिपदाच्या काळात बांगलादेशचे युद्ध आणि निर्वासितांचा भार, दुष्काळ आणि तेलाची भाववाढ अशी संकटे एकामागून एक आली. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण याच काळातले. प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला होता तो याच काळात, आणि १९७४ च्या अर्थसंकल्पात तो ७७ टक्क्यांवर उतरविला तोही त्यांनीच. दर चढविले म्हणजे समता येतेच असे नाही, हे ध्यानी येताच पाऊल मागे घेण्याइतका व्यवहार त्यांच्यापाशी होता.

ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. त्याच महिन्यात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर दिल्लीत आले आणि उभय देशांच्या संयुक्त आयोगाच्या करारावर दोघांनी सह्या केल्या. १९७१ च्या कडवटपणानंतरचे हे पहिले मोठे पाऊल. पुढे फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानवरील शस्त्रबंदी उठविली, तेव्हा यशवंतरावांनी आपला ठरलेला अमेरिका दौरा पुढे ढकलला. परंतु दार बंद केले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयोगाच्या बैठकीसाठी ते वॉशिंग्टनला गेले. एप्रिल १९७६ मध्ये चीनशी राजदूतांच्या पातळीवरील संबंध पंधरा वर्षांनी पुन्हा जोडण्याचा निर्णय जाहीर झाला आणि के. आर. नारायणन यांची राजदूत म्हणून नियुक्ती झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये १९७१ साली तुटलेले पाकिस्तानचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले, रेल्वे आणि विमान वाहतूक सुरू झाली. चीन आणि पाकिस्तान या दोन्ही देशांशी लढण्याची जबाबदारी ज्याने संरक्षणमंत्री म्हणून वाहिली, त्याच्याच परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळात दोन्ही ठिकाणी पुन्हा दूतावासांचे दरवाजे उघडले. धोरणाची अंतिम सूत्रे पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हाती होती, हे खरे. तथापि ताणलेले संबंध न तोडता सैल करीत नेणे ही यशवंतरावांची प्रकृतीच होती, आणि त्या प्रकृतीला तेथे योग्य क्षेत्र लाभले.

त्या काळातील आंतरराष्ट्रीय व्यवहारात आणखी एक धागा होता. मे १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा संमत केला होता. गरीब राष्ट्रांचे म्हणणे सरळ होते. श्रीमंत आणि गरीब यांच्यातील अंतर हे गरिबांच्या आळसाचे फळ नसून व्यवस्थेचेही फळ आहे. म्हणून ते कमी करण्याची जबाबदारी व्यवस्थेवरही आहे. अलिप्त राष्ट्रांच्या गटात भारत ही बाजू मांडीत होता आणि त्या वेळी भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव होते. राष्ट्राराष्ट्रांमधील अंतराचा हा युक्तिवाद देशांतर्गत राज्यांना लावण्याची संधी त्यांना आठ वर्षांनी मिळाली.

आठव्या आयोगाचे सूत्र

१९८२ मध्ये आठवा वित्त आयोग नेमला गेला आणि १९८४ मध्ये त्याने अहवाल दिला. केंद्राने गोळा केलेल्या करांतील राज्यांचा वाटा किती आणि तो त्यांच्यात वाटावयाचा कसा, हा वित्त आयोगापुढील मुख्य प्रश्न असतो. प्राप्तिकराच्या राज्यांकडे जाणाऱ्या हिश्शापैकी ९० टक्के रक्कम सातव्या आयोगापर्यंत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली जात असे. माणशी सारखे, हा त्यामागील न्याय होता. यशवंतरावांच्या आयोगाने तो पुरेसा मानला नाही. या ९० टक्क्यांपैकी केवळ एक चतुर्थांश लोकसंख्येवर, एक चतुर्थांश दरडोई उत्पन्नाच्या व्यस्त प्रमाणावर, आणि उरलेला निम्मा भाग ‘अंतरा’वर वाटावा, असे सूत्र त्याने दिले. अंतर म्हणजे सर्वांत श्रीमंत राज्याच्या दरडोई उत्पन्नापासून त्या त्या राज्याचे उत्पन्न किती खाली आहे ते. त्यास लोकसंख्येने गुणावयाचे. तेव्हा पहिल्या स्थानी पंजाब होता. जो जितका मागे, त्याचा माणशी वाटा तितका अधिक. शिवाय उत्पादनशुल्कातील राज्यांचा हिस्सा ४० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर नेला. त्यातील ४० टक्के याच सूत्राने आणि ५ टक्के तुटीच्या राज्यांना द्यावयाचे ठरविले.

या सूत्राने महाराष्ट्राचा लाभ होणार नव्हता. मुंबईच्या बळावर महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न वरच्या क्रमांकात होते; अंतराच्या हिशेबात त्याचा वाटा आकसणार हे उघड होते. आयोगाचा अध्यक्ष महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री होता, आणि त्याच्या सहीने बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा यांच्याकडे अधिक पैसा वळला. आपल्या राज्याच्या पदरात काय पाडून घेतले, यावरच नेत्याचे मोठेपण मोजण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या रीतीने पाहिले तर हा अहवाल यशवंतरावांच्या खात्यात तोटाच ठरेल. परंतु राष्ट्रीय नेता म्हणजे कोण, याचे उत्तर याच तोट्यात आहे. केंद्राने १९८४-८५ या पहिल्या वर्षी हे नवे सूत्र लागू न करता जुनीच व्यवस्था चालविली आणि त्यावरून काही राज्यांनी रोष व्यक्त केला, ही गोष्ट वेगळी. अंतराचे तत्त्व मात्र टिकले. निरनिराळ्या प्रमाणात ते पुढील वित्त आयोगांच्या सूत्रांत राहिले आहे.

घनसावंगीहून पाहताना

आता हेच तत्त्व महाराष्ट्राच्या आत आणून पाहू. घनसावंगीचा परिसर पूर्वी अंबड तालुक्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा तो नव्या जिल्ह्यात आला आणि पुढे घनसावंगी स्वतंत्र तालुका झाला. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. दक्षिणेला गोदावरी आहे आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा या मुलखातून पुढे परभणीकडे जातो. लालबहादूर शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी या धरणाची कोनशिला बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस उभा राहतो. त्याबाहेर कापूस, तूर, ज्वारी आणि पावसाची वाट.

दिल्लीतील सूत्राला हा तालुका दिसत नाही. त्या सूत्राचे एकक राज्य आहे. महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न काढताना मुंबईचा शेअर बाजार आणि घनसावंगीचा कोरडवाहू कापूस एकाच भागाकारात येतात, आणि भागाकाराचे उत्तर ‘श्रीमंत राज्य’ असे निघते. मुंबई श्रीमंत म्हणून घनसावंगीला केंद्राकडून कमी, असा त्याचा अर्थ. हा त्या सूत्राचा दोष नव्हे. संघराज्यात एकक राज्यच असणार. परंतु मग राज्याच्या आत तीच मोजपट्टी लावण्याचे कर्तव्य राज्यावर दुप्पट येते. यशवंतरावांच्या सहीने जे बिहारला मिळाले, ते त्याच न्यायाने मराठवाड्याला कोणी द्यावयाचे?

हे कर्तव्य कोणी अनोळखी म्हणूनही नव्हते. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर सह्या करणाऱ्यांत यशवंतराव होते. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष, आणि त्याचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे, असे अभिवचन त्यात होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ती मंडळे स्थापन झाली नाहीत. मने जुळली म्हणजे हिशेब आपोआप जुळतील, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. ती श्रद्धा उदात्त होती, पण हिशेबाची जागा तिला घेता आली नाही.

हिशेब मांडला गेला तो १९८४ मध्येच. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने त्या वर्षी राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये आणि त्यातील मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी रुपये काढला. एकाच वर्षी दोन अहवाल आले: एक राज्याराज्यांतील अंतराचा, दुसरा राज्याच्या आतील अंतराचा. मात्र दोहोंच्या मोजपट्ट्यांत फरक होता. यशवंतरावांच्या आयोगाने सर्वांत पुढे असलेल्यापासूनचे अंतर मोजले. दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीपासूनचे. सरासरीपर्यंत पोहोचणे म्हणजे पुढच्याच्या बरोबरीला येणे नव्हे, आणि तेवढेही अंतर वेळेत भरून निघाले नाही. घटनेतील मंडळे १९९४ मध्ये अस्तित्वात आली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. १९५६ ते १९९४ या अडतीस वर्षांची किंमत कोणत्याही समितीच्या तक्त्यात सापडावयाची नाही. राज्याच्या २००२ च्या मानव विकास अहवालात जालना जिल्हा तळाच्या जिल्ह्यांत होता. ती किंमत तेथे दिसते.

सरासरीचा हा पडदा राज्यापाशी थांबत नाही. जालना शहर पोलादाचे आणि बियाण्यांचे शहर आहे. जिल्ह्याच्या सरासरीत त्याचे उत्पन्न घनसावंगीच्या नावे जमा दिसते. तालुक्यातही कालव्याकाठची गावे आणि कोरडी गावे एकाच बेरजेत असतात. म्हणून अंतर मोजावयाचे तर प्रत्येक पायरीवर मोजले पाहिजे. याचा एक नमुना पाण्याच्या बाबतीत तयार झाला आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. २०१४ मध्ये प्राधिकरणाने गोदावरीच्या वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे सूत्र ठरविले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते तत्त्व उचलून धरले. वर अधिक साठले असेल आणि खाली तूट असेल, तर तुटीच्या मानाने खाली सोडावयाचे. हे अंतराचेच सूत्र आहे, फक्त रुपयांऐवजी पाण्याचे. ते पाळण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले, हे मात्र बोलके आहे.

अपुरे राहिलेले

यशवंतरावांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना त्यांच्या कचखाऊपणाचा उल्लेख टाळता येत नाही. १९६९ च्या काँग्रेस फुटीत त्यांची भूमिका डळमळती राहिली. आणीबाणीत ते मंत्रिमंडळात राहिले. ज्याने लोकशाही विकेंद्रीकरणाची जिल्हा परिषद उभारली, त्याचे मौन तेव्हा अधिक खटकले. १९७९ मध्ये मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव त्यांनी मांडला आणि नंतरच्या औटघटकेच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले; १९८१ मध्ये पुन्हा इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. समन्वयाची वृत्ती परराष्ट्रव्यवहारात गुण ठरली. पक्षाच्या राजकारणात तीच दुबळेपणा ठरली. मराठवाड्याच्या बाबतीतही त्यांनी समन्वयावर भिस्त ठेवली आणि कायद्याचे बंधन पुढे ढकलले.

परंतु अखेरच्या कामात त्यांनी ही चूक केली नाही. आठव्या आयोगात त्यांनी श्रीमंत राज्यांच्या सद्भावनेवर काही सोडले नाही; अंतर मोजले, त्यास लोकसंख्येने गुणले आणि वाटा सूत्रात बांधून टाकला. आयुष्यभराच्या अनुभवानंतर सुधारक जेथे पोहोचला ती जागा ही आहे. न्याय हा मनाच्या मोठेपणावर नव्हे, तर मोजपट्टीवर उभा करावा लागतो.

महाराष्ट्राने यशवंतरावांचे पुतळे उभारले, संस्थांना आणि सभागृहांना त्यांचे नाव दिले. त्यांची मोजपट्टी मात्र घरात आणली नाही. जिल्हा नियोजनाचा निधी असो, कालव्याच्या शेवटच्या चारीचे पाणी असो, की तालुक्याच्या शाळा-दवाखान्यांतील रिक्त जागा असोत, सर्वांत पुढे असलेल्यापासून सर्वांत मागे असलेला किती दूर आहे, हा एकच प्रश्न दरवर्षी विधिमंडळात तालुकावार विचारला आणि त्याचे उत्तर निधीच्या सूत्रात बांधले, तर १९५३ च्या कराराचे आणि १९८४ च्या अहवालाचे ऋण एकदमच फिटू लागेल. बिहारला जो न्याय महाराष्ट्राच्या नेत्याने दिला, तो घनसावंगीला देण्यास महाराष्ट्राने आणखी किती काळ घ्यावा?